हवा पंधरा भाग, पेट्रोल एक भाग

१९९३ सालच्या मे महिन्यातील गोष्ट आहे. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि सुट्टीसाठी भंडारा जिल्ह्यात साकोलीला मामांकडे गेलो होतो. मामांकडे एक जुनी फियाट होती. धानाच्या व्यवहारासाठी ते साकोलीहून कधी तुमसरला, कधी भंडाऱ्याला जात. पेट्रोल महाग झाले आहे, गाडी ‘अॅव्हरेज’ देत नाही, अशी त्यांची नेहमीची तक्रार असे. कोणीतरी त्यांना एक युक्ती सुचवली. एका गॅरेजमध्ये गाडीचा कार्ब्युरेटर उघडण्यात आला, त्यातला पितळी ‘जेट’ काढला गेला, आणि विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार त्या जेटच्या छिद्रात घालून तो पुन्हा बसवण्यात आला. छिद्र लहान झाले की पेट्रोल कमी जाणार, असा साधा हिशोब होता. तो खराही ठरला. त्या उन्हाळ्यात गाडी चांगली चालली आणि मामा खूश झाले.

डिसेंबरात मी पुन्हा गेलो, तेव्हा गाडी उभी होती. थंडीत भल्या पहाटे भरलेल्या गाडीने भंडाऱ्याला जाताना इंजिनाची ताकद गेली, कार्ब्युरेटरमधून फटाके फुटल्यासारखे आवाज येऊ लागले आणि शेवटी एक ‘व्हॉल्व्ह’ जळाला. महामार्गावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिनाचे हेड उतरवले, जळालेली झडप हातात घेऊन पाहिली आणि कोणाला काही न विचारता आधी कार्ब्युरेटर उघडला. जेटमधून ती तार निघाली. मी शेजारी उभा राहून पाहत होतो. ते मला म्हणाले, “बाबू, आधी कान लावायचा, मग पेचकस लावायचा.”

मे महिन्यात बिनतक्रार चाललेली गाडी डिसेंबरात का जळाली? हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षे राहिला. त्याचे उत्तर अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात आहे. परंतु त्या उत्तराला एक इतिहासही आहे, आणि तो वर्गात क्वचितच सांगितला जातो. तो येथे थोडक्यात पाहू.

एका लिटरला किती हवा?

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. हिशोबापुरते आपण ते ऑक्टेन आहे असे समजू. ऑक्टेनच्या रेणूत कार्बनचे ८ व हायड्रोजनचे १८ अणू असतात. म्हणजे त्याचा रेणुभार ११४. याचे पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड व पाणी व्हायचे, तर एका रेणूला ऑक्सिजनचे साडेबारा रेणू लागतात. म्हणजेच ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून हवा लागेल साधारण १७२० ग्रॅम. भागाकार केला की उत्तर १५ च्या आसपास येते. प्रत्यक्ष पेट्रोलात टोल्युइनसारखी कमी हायड्रोजन असलेली द्रव्येही असल्याने हे प्रमाण थोडे उतरते. वाहनतंत्रज्ञ ते १४.७ धरतात.

विद्यार्थ्यांना हे आकारमानात सांगितले तर जास्त गंमत वाटते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम. त्याला हवा लागते जवळजवळ ११ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ९,००० लिटर. तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा खोलीतली सगळी हवा एका लिटरमागे इंजिनाच्या पोटात जाते! आपण पैसे फक्त पेट्रोलचे देतो, म्हणून हवेचा हिशोब आपल्या लक्षात येत नाही.

ही ९,००० लिटर हवा आणि ते एक लिटर पेट्रोल यांना योग्य प्रमाणात, बारीक तुषारांच्या रूपात, सेकंदाच्या लहान अंशात एकत्र आणायचे, हे कार्ब्युरेटरचे काम.

अत्तरदाणीपासून इंजिनापर्यंत

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली ज्या मोटारीचे पेटंट घेतले, तिच्यात आजच्या अर्थाने कार्ब्युरेटर नव्हता. भांड्यातल्या इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जाई आणि जाताना बाष्प घेऊन जाई. यात अडचण उघड आहे. इंधनातील हलके घटक आधी उडून जातात, जड घटक मागे राहतात, आणि तासाभरापूर्वीचे मिश्रण आता राहत नाही. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करून गेल्या. वाटेत त्यांनी इंधन घेतले ते एका औषधांच्या दुकानातून, आणि इंधनाची तुंबलेली नळी मोकळी केली ती टोपीच्या पिनेने. रस्त्यावर इंजिनाची इंधनवाट दुरुस्त करणारी नोंदलेली पहिली व्यक्ती ही एक गृहिणी होती, हे विद्यार्थिनींना जरूर सांगावे.

पुढची पायरी १८९३ साली आली. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, तर जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी जवळजवळ एकाच वेळी तुषार उडवणारा कार्ब्युरेटर बनवला. बांकींना ही कल्पना फुलांवर नळीने फुंकून पाणी शिंपडणाऱ्या एका फुलवालीकडे पाहून सुचली अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तत्त्व मात्र तेच आहे. आपल्याकडच्या लग्नातला अत्तराचा फवाराही त्याच तत्त्वावर चालतो.

हे वर्गात करून पाहता येते. पाण्याने भरलेल्या पेल्यात एक स्ट्रॉ उभी धरा. तिचे वरचे टोक पाण्याच्या पातळीपेक्षा एक-दोन सेंटिमीटरच वर असू द्या. दुसरी स्ट्रॉ आडवी धरून त्या टोकावरून जोराने फुंका. उभ्या स्ट्रॉमधून पाणी वर चढते आणि तुषार होऊन उडते. हवा वेगाने वाहते तेथे तिचा दाब कमी होतो, ही गोष्ट डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ साली द्रवांच्या बाबतीत मांडली. जियोव्हानी बातिस्ता व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली अरुंद गळ्याच्या नळीतील प्रवाहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्याला आजही ‘व्हेंचुरी’ म्हणतात. हे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही मोटार पाहिली नव्हती.

छिद्राने केलेला घोटाळा

साध्या व्हेंचुरीत आणि साध्या छिद्रात एक खोट होती. इंजिनाचा वेग वाढला की हवा वाढते आणि पेट्रोलही वाढते, पण पेट्रोल हवेपेक्षा जास्त भराभर वाढते. संथ चालताना योग्य असलेले मिश्रण जोरात चालताना घट्ट होते. (गॅरेजच्या भाषेत पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणाला ‘रिच’ आणि हवा जास्त असलेल्याला ‘लीन’ म्हणतात. आपण घट्ट आणि पातळ म्हणू.)

या खोटीवर विसाव्या शतकाच्या आरंभी निरनिराळ्या देशांत निरनिराळे तोडगे निघाले. फ्रान्समध्ये ल्योन येथील फ्रांस्वा बावरे यांनी मुख्य जेटला जोडून दुसरा, भरपाई करणारा जेट बसवला. तोच पुढे ‘झेनिथ’ कार्ब्युरेटर झाला. पॅरिसच्या गुदार आणि मेनेसाँ या दोघांच्या ‘सोलेक्स’ने कालांतराने वेग वाढेल तशी पेट्रोलातच थोडी हवा मिसळून त्याची धार कमी करण्याची युक्ती वापरली. इंग्लंडमध्ये पादत्राणांच्या व्यापारातील स्किनर घराण्याने गळाच लहान-मोठा होईल असा कार्ब्युरेटर बनवला. त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता! ‘एस. यू.’ हे नाव ‘स्किनर्स युनियन’वरून आले आहे.

या सगळ्यांत पेट्रोल मोजणारा भाग मात्र पितळीच राहिला. पितळ गंजत नाही आणि त्यात अचूक छिद्र पाडता येते. सोलेक्सच्या जेटवर ११५, १२० असे आकडे कोरलेले असतात. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र. ११५ काढून १२० बसवला तर व्यास जेमतेम चार टक्के वाढतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पेट्रोल नऊ टक्के वाढते. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेले गाव आहे. तिथल्या मुलांना पितळेचा हा एक सूक्ष्म उपयोगही ठाऊक असायला हवा.

आता मामांच्या तारेचा हिशोब करू. जेटचे छिद्र १.१५ मि.मी. आणि तार ०.३ मि.मी. धरली, तर तारेने अडवलेले क्षेत्रफळ छिद्राच्या सुमारे सात टक्के होते. म्हणजे मिश्रण सात टक्के पातळ झाले. हा सात टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

ताकद हवी की बचत?

१४.७ हे प्रमाण रसायनशास्त्राचे झाले. पण इंजिनाला तेच सर्वांत योग्य का? इतिहास सांगतो की हे उत्तर तुम्हाला इंजिनाकडून काय हवे आहे त्यावर ठरते.

जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर हवा १२.५ ते १३ भागच ठेवावी लागते. सिलिंडरमध्ये मावणारी हवा ठरलेली असते. त्या हवेतला ऑक्सिजनचा कणन् कण कामी लागावा, म्हणून पेट्रोल मुद्दाम थोडे जास्त द्यायचे. असे मिश्रण वेगाने पेटते, आणि जास्तीचे पेट्रोल आतल्या भागांना थोडे थंडही ठेवते. उलट काटकसर हवी असेल तर हवा १५.५ ते १६ भाग ठेवायची, म्हणजे पेट्रोलचा थेंब न् थेंब जळतो. पण असे मिश्रण सावकाश जळते. भार जास्त असताना ते जळत असतानाच बाहेर जाणारी झडप उघडते आणि तिला ज्वाळेचा मार बसतो. मामांच्या गाडीची झडप अशीच जळाली.

एदोआर्दो वेबर यांची कथा येथे फार बोलकी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इटलीत पेट्रोल महाग होते. बोलोन्याच्या या कारागिराने १९२० च्या दशकात फियाट गाड्यांसाठी पेट्रोल वाचवणारे कार्ब्युरेटर बनवायला सुरुवात केली. त्याची कल्पना अशी की दोन गळे ठेवायचे, एक लहान रोजच्या संथ चालीसाठी आणि एक मोठा जोरासाठी. पुढच्या दशकात हीच दोन गळ्यांची कल्पना, दोन्ही गळे समान करून, मासेराती आणि अल्फा रोमिओच्या शर्यतीच्या गाड्यांवर गेली, आणि वेबर हे नाव जगभर वेगाशी जोडले गेले. काटकसरीसाठी शोधलेले यंत्र ताकदीसाठी प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या महायुद्धाने दोन्ही टोके दाखवली. ब्रिटनच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांच्या ‘मर्लिन’ इंजिनात एस. यू. कार्ब्युरेटर होता. विमानाने एकदम खाली सूर मारला की कार्ब्युरेटरच्या टाकीतले पेट्रोल वरच्या बाजूला उसळे, इंजिन आधी उपाशी राही आणि लगेच पेट्रोलात बुडे. शत्रूच्या विमानांत पेट्रोल थेट फवारले जात असल्याने त्यांना हा त्रास नव्हता. १९४१ साली फार्नबरोच्या संशोधन संस्थेतील बिअॅट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने उपाय काढला. इंजिनाच्या कमाल गरजेइतकेच पेट्रोल जाऊ देणारे छिद्र असलेली एक छोटी पितळी चकती! या बाई स्वतः मोटारसायकलच्या शर्यती धावत. १९३४ साली ब्रुकलँड्सच्या मैदानावर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी मारून त्यांनी सुवर्णतारा मिळवला होता. शर्यतीच्या इंजिनाचा अनुभव विमानाच्या कामी आला.

त्याच काळात आपल्याकडे पेट्रोल रेशनवर आले, आणि बस व मोटारींच्या मागे लाकडी कोळशाच्या भट्ट्या बसवल्या गेल्या. कोळसा अपुऱ्या हवेत जाळून कार्बन मोनॉक्साइडयुक्त वायू मिळवायचा आणि तो इंजिनात जाळायचा. या वायूत अर्ध्याहून अधिक नायट्रोजनच असतो. त्याला हवा लागते साधारण त्याच्याच आकारमानाइतकी. त्यामुळे सिलिंडरमध्ये मुळात इंधनच कमी मावते आणि ताकद बरीच घटते. भट्टीतला विस्तव कमी-जास्त झाला की वायूचा कस बदले, म्हणून ड्रायव्हरला हवेचा दांडा हाताने सतत सांभाळावा लागे. त्या पिढीतला प्रत्येक बसड्रायव्हर मिश्रणाचा ‘ट्यूनर’ होता, आणि तेही चालत्या गाडीत.

कुर्ल्याची फियाट आणि शर्यतीचे मिस्त्री

मामांच्या गाडीचे मूळ कुर्ल्यात होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे या कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या होऊ लागल्या. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली आणि १९७० च्या दशकात तिचेच नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि वर एक कार्ब्युरेटर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

हेच साधे इंजिन घेऊन आपल्याकडचे हौशी लोक शर्यतीत उतरत. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धकाळातील धावपट्टीवर १९५० च्या दशकापासून शर्यती होत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ ही छोटी शर्यतीची गाडी तयार केली. परदेशी सुटे भाग दुर्मीळ आणि महाग असल्याने बहुतेक कामगिरी जेट, कार्ब्युरेटर आणि मिस्त्रीची जाण यांवर अवलंबून असे.

शर्यतीचे मिस्त्री मिश्रण मोजत कसे? त्यांच्याजवळ वायुविश्लेषक नव्हते. त्यांची पद्धत अशी. गाडी पूर्ण जोरात पळवायची, त्याच क्षणी इंजिन बंद करून क्लच दाबायचा आणि गाडी थांबल्यावर स्पार्क प्लग काढून पाहायचा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर काजळी असेल तर मिश्रण घट्ट. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर ठीक. पांढरीफटक किंवा फोड आलेली माती म्हणजे मिश्रण पातळ, आणि पुढच्या फेरीत दट्ट्याला भोक पडण्याचा धोका. मग जेट बदलायचा आणि पुन्हा पळवायचे. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम ते कसोशीने पाळत. प्रयोगशाळेत आम्ही चल राशींबद्दल हेच शिकवतो.

दोन कार्ब्युरेटर असतील तर रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे. हवेच्या फुसकाऱ्याचा सूर दोन्हीकडे सारखा लागेपर्यंत पेच फिरवायचे. इंजिन संथ असताना मिश्रणाचा छोटा पेच हळूहळू फिरवायचा आणि इंजिनाचा वेग सर्वांत जास्त व आवाज सर्वांत एकसारखा येतो ती जागा धरायची. (हा पेच फक्त संथ गतीचे मिश्रण ठरवतो, जोरातले मिश्रण मुख्य जेट ठरवतो. पुष्कळ मालक हा पेच फिरवून अॅव्हरेज वाढवू पाहतात, ते व्यर्थ.) पुढे इंग्लंडमध्ये काचेची खिडकी असलेला प्लग विकला जाऊ लागला. त्यातून ज्वाळेचा रंग दिसे. नारिंगी म्हणजे घट्ट, निळा म्हणजे योग्य. प्रयोगशाळेतील बन्सन बर्नरची हवा कमी-जास्त करून हा फरक आपण वर्गात लगेच दाखवू शकतो.

मे आणि डिसेंबर

शर्यतीच्या मिस्त्रींना आणखी एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बेंगळुरूत जमवलेली गाडी शोलावरमला तशीच पळवायची नसते. जेट मोठा करावा लागतो. असे का?

इंजिन प्रत्येक फेऱ्यात हवेचे ठरावीक आकारमान ओढते. हवा विरळ असली तर तेवढ्याच आकारमानात तिचे वजन घनतेच्या प्रमाणात कमी भरते. गळ्यातला दाबाचा फरकही घनतेच्या प्रमाणात कमी होतो. पण छिद्रातून जाणारे पेट्रोल दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे हवा घनतेच्या प्रमाणात कमी होते आणि पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात कमी होते. सबब विरळ हवेत मिश्रण घट्ट आणि दाट हवेत पातळ होते. महाबळेश्वरच्या घाटात जुन्या गाड्या काळा धूर सोडत, त्याचे कारण हेच.

उंचीने हवा विरळ होते तशीच उष्णतेनेही होते. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसला टेकतो, म्हणजे निरपेक्ष तापमान ३१८. डिसेंबरच्या पहाटे तो १० अंशांवर येतो, म्हणजे २८३. घनतेचे गुणोत्तर ३१८ भागिले २८३, म्हणजे सुमारे १.१२. त्याचे वर्गमूळ १.०६. तेव्हा तोच कार्ब्युरेटर, तोच जेट, पण मे महिन्यापेक्षा डिसेंबरात मिश्रण सहा टक्के पातळ!

कोडे सुटले. मे महिन्यात उष्ण हवेने मिश्रण आपोआप घट्ट झाले होते, म्हणून तारेने कमी केलेले सात टक्के पेट्रोल जवळजवळ भरून निघाले. युक्ती सांगणाऱ्याचा अनुभव खोटा नव्हता, तो फक्त एका ऋतूचा होता. थंडी आली, हवा दाट झाली, आणि तारेचा पातळपणा पूर्णपणे अंगावर आला. त्यात गाडी भरलेली होती, म्हणजे घट्ट मिश्रणाची गरज सर्वांत जास्त होती. झडप जळाली.

तिसरे उत्तर

ताकद आणि बचत यांच्या ओढाताणीत एक तिसरा पक्षकार बराच काळ गप्प होता. तो म्हणजे गाडीच्या मागे श्वास घेणारा माणूस. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील आरी हागेन-स्मित यांनी दाखवून दिले की लॉस एंजेलिसवरचे डोळे झोंबवणारे धुरके मोटारींच्या धुरातील द्रव्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते. घट्ट मिश्रणातून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल बाहेर पडते. थोड्या पातळ मिश्रणात उष्णतेने नायट्रोजनची ऑक्साइडे जास्त होतात. एक कमी करावे तर दुसरे वाढते.

यावर उपाय म्हणून उत्प्रेरक बसवलेली धुराची पेटी आली. ती तिन्ही विषारी द्रव्ये एकाच वेळी नाहीशी करू शकते, पण अट अशी की मिश्रण १४.७ च्या आसपास, एक टक्क्याच्याही आत टिकले पाहिजे. ऋतू बदलला की सहा टक्के सरकणाऱ्या कार्ब्युरेटरला हे जमणे शक्य नव्हते. १९७६ साली बॉश कंपनीने धुरातील ऑक्सिजन ओळखणारा संवेदक बाजारात आणला आणि तो प्रथम व्होल्व्हो गाड्यांवर बसला. झिर्कोनियाच्या भांड्याच्या दोन बाजूंना ऑक्सिजन कमी-जास्त असेल तर त्यात विद्युतदाब निर्माण होतो. मिश्रण घट्ट असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, पातळ असेल तर ०.१ व्होल्ट. त्यामागचे समीकरण नेर्न्स्ट यांनी १८८९ साली मांडले होते. मिस्त्री प्लगचा रंग पाहून जे ओळखत, ते हा संवेदक सेकंदाला अनेकदा ओळखतो आणि संगणक पेट्रोलचा फवारा तसा बदलतो.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी संथ चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा घातली. चारचाकींसाठी ३ टक्के आणि दोन-तीन चाकींसाठी ४.५ टक्के. पुढे या मर्यादा आणखी कडक झाल्या. १९९५ पासून चार महानगरांत नव्या मोटारींना उत्प्रेरक पेटी आणि शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. त्याच सुमारास मोटारींतून कार्ब्युरेटर जाऊ लागला. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींतूनही तो गेला.

तार पुन्हा आली आहे

मग हा सारा इतिहास आता जुन्या कपाटात ठेवायचा का? मला तसे वाटत नाही. २०२० पूर्वीच्या असंख्य मोटारसायकली आणि स्कूटर आजही रस्त्यावर आहेत, आणि त्यांत पितळी जेट आहे. दरम्यान पेट्रोल बदलले आहे. २०२५ मध्ये देशात २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. विद्यार्थ्यांना गणित करू द्या. ४६ ग्रॅम इथेनॉलला ९६ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे प्रमाण ९. पेट्रोलचे १४.७. वीस टक्के मिश्रणाचे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. मिश्रण थोडे जड असल्याने जेटमधून वजनाने जेमतेम एक टक्का जास्त जाते. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी जमवलेला जेट न बदलता हे इंधन वापरले, तर मिश्रण सुमारे सात टक्के पातळ होते.

सात टक्के! मामांच्या जेटमधल्या तारेइतके. नव्या गाड्यांतला संवेदक हा फरक ओळखून भरून काढतो. जुन्या गाडीत संवेदक नाही. जी गाडी आधीच जरा घट्ट जमवलेली असेल तिला हे सोसते, जी काठावर असेल तिला थंडीच्या पहाटे, चढावर, दोघांना घेऊन जाताना त्रास होईल. यात घाबरण्यासारखे काही नाही. पण मिश्रणाच्या पेचाशी खेळण्यापूर्वी किंवा मोठा जेट बसवण्यापूर्वी हे गणित मालकाला आणि मिस्त्रीला ठाऊक असावे. ते कोणी सांगायचे? आपल्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी अशी दुचाकी असेल. त्यांच्यातलाच एखादा उद्या गॅरेज काढणार आहे.

साकोलीच्या त्या मिस्त्रींनी झडप घासून बसवली, तार बाहेर फेकली, आणि गाडी चालू करून बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. पेच पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. मग मला जवळ बोलावून विचारले, “आता कसा वाटते आवाज?” मी म्हणालो, एकसारखा. ते म्हणाले, “आता आहे. उन्हाळा लागला की पुन्हा घेऊन ये.”